दाराजवळचं बाक

रेल्वे कॉलनी, दौंड
१४ सप्टेंबर १९७६

प्रिय दबोरा,

सप्रेम सलाम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच चुलीत घालशील असं तुझी वहिनी म्हणते. घालू नकोस. आठ वर्षं आपण बहीणभाऊ बोललो नाही, आणि भांडण उकरायला मी लिहीत नाही. भांडायची ताकदच राहिली नाही गं. शेवटी तुझ्याकडे एक मागणं आहे, ते तुझ्या लेकीच्या, ग्लॅडिसच्या जिवाचं आहे. पण आधी माझी एक लाजिरवाणी गोष्ट ऐकून घ्यावी लागेल, नाहीतर ते मागणं तुला पटायचं नाही.

आईच्या मातीला मी पोचलो नाही. शनिवारी तू सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालीस, दादाला आईपेक्षा ड्युटी प्यारी. दुसऱ्या दिवशी मंडळीच्या उपासनेत प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आपल्या बाकापर्यंत आलं आणि मी उठून बाहेर चालता झालो. आपल्या मंडळीत त्याचा अर्थ पोरासोरांनाही कळतो. मनात कुणाविषयी अढी असेल तर आधी ती मिटवायची, मगच मेजाजवळ यायचं. सगळी मंडळी वळून तुझ्याकडे बघायला लागली. आई जाऊन चार दिवस झालेले, तू पांढऱ्या साडीत मान खाली घालून बसलेली. मला ते दारातनं दिसलं, तरी मी थांबलो नाही.

थांबता येत नव्हतं, दबोरा. मला परसाकडची लागली होती. हसू नकोस, किंवा हस, आता काय राहिलंय. पाळकसाहेबांच्या घरामागचा संडास कसाबसा गाठला आणि अर्धा तास तिथं नुसतं रक्त पडत होतं. मातीच्या दिवशीही तेच झालं. एस.टी. दोनदा थांबवायला लावली. न्हावऱ्याच्या अलीकडे तिसऱ्यांदा हात केला तसा कंडक्टर म्हणाला, मामा, तुमी आता उतराच, मागच्या गाडीनं या. मागची गाडी संध्याकाळी आली. तोवर तुम्ही आईला ठेवून घरी परतला होतात, आणि मी ज्वारीच्या रानात उकिडवा बसून रडत होतो. हे तुला सांगायचं कसं? चाळिशीचा माणूस, अंगावर रेल्वेचा कोट, खिशात शिट्टी. मला हगवण लागते म्हणण्यापेक्षा माझ्या मनात अढी आहे असं लोकांना वाटू देणं सोपं गेलं. तुझी मान मात्र त्यात खाली गेली. चूक माझी आहे, आणि ती मी आज कबूल करतो.

मालगाडीच्या गार्डाच्या डब्याला संडास नसतो, हे तुला ठाऊक नसेल. सिग्नल पडेपर्यंत मी दात आवळून उभा राहायचो. निम्मा पगार घरी, निम्मा औषधाला, असं चाललं होतं. एक डॉक्टर म्हणायचे आमांश, दुसरे म्हणायचे मूळव्याध. गोळ्या झाल्या, वैद्याच्या पुड्या झाल्या, तिखट सोडलं, दूध सोडलं, चाळीस दिवस ताकभातावर काढले. मंडळीतले वडीलधारे घरी येऊन प्रार्थना करून गेले आणि जाताना हळूच विचारलं, योसेफ, काही दडवलेलं पाप आहे का बाबा? शेवटी लाइन सोडली आणि पार्सल ऑफिसात खुर्ची मागून घेतली, संडासापासून वीस पावलांवर. दादा आळशी झाला असं तू म्हणालीस, ते माझ्यापर्यंत आलं होतं. म्हटलं, म्हणू दे.

गेल्या साली पुण्याच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी दिव्याची नळी घालून आतून बघितलं. माझी सगळी शरम त्या टेबलावरच संपली बघ. ते म्हणाले, मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत. जंतांचं काम नाही, मूळव्याधही नाही. शरीर आपल्याच आतड्यावर उठतं असं दिसतं, पण का ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. मिरचीनं हे झालेलं नाही, पापानं तर नाहीच, आणि एका ताटात जेवून दुसऱ्याला लागत नाही. हे कायमचं जात नाही, दबतं आणि पुन्हा डोकं काढतं. लवकर आलात तर सांभाळता येतं. रक्त असंच जात राहिलं तर माणूस हातचा जातो. एक पिवळी गोळी दिली, तिनं लघवी केशरी झाली आणि मी घाबरून पुन्हा पुण्याला पळालो. दुसऱ्या गोळीनं तोंड भोपळ्यासारखं सुजलं, तर कॉलनीतले म्हणतात, योसेफराव, तब्येत सुधारली हो! पण रक्त थांबलं. मधूनमधून येतं, पुन्हा थांबतं. मी थकलोय, पण आहे. त्या डॉक्टरांनी एक विचारलं होतं, तुमच्या रक्ताच्या नात्यात आणखी कुणाला असं होतं का? मी मोठ्या ताठ्यात सांगितलं, कुणालाच नाही.

परवा तुमच्या मंडळीतली ताईबाई इथं लेकीकडे आली होती. तिनं सांगितलं, ग्लॅडिसला मंडळीची सभासद करून घेतलं, पहिलं प्रभुभोजन होतं, आणि ताट जवळ येताच पोरगी उठून पळाली. घरी नेऊन तू तिच्या थोबाडीत मारलीस, कुणावर अढी धरलीस, आईवर का, म्हणून विचारलंस. वर तू म्हणालीस, मामावर गेलीस. ताईबाई म्हणाली, पोरगी वाळून काडी झालीय, आन् कुठंबी गेली तरी दाराजवळच बसती बगा. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. दबोरा, ती खरंच माझ्यावर गेली असेल गं. तिला रागावू नकोस. दार लावून घे, जवळ बस आणि एवढंच विचार, रक्त पडतं का. पहिल्यांदा ती नाही म्हणेल, सतरा वर्षांची आहे. मी चाळिशीत नाही म्हणत होतो. पुन्हा विचार. सोमवारी तिला घेऊन ये. कंडक्टरला आधीच सांगून दाराजवळची जागा धर, एक जास्तीचा परकर घे. दौंडच्या स्टँडवर मी उभा असेन, तिथनं पुण्याला त्याच डॉक्टरांकडे पॅसेंजरनं जाऊ, त्या डब्यात संडास असतो. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, सगळ्या वाटेत तोंड फिरवून बस. आईला मी पोचलो नाही. हिला पोचू दे.

तुझाच, आठ वर्षं खोटं बोललेला,
योसेफदादा