कातळावरची काच

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि कोपरचं तुमचं घरही आता दुसऱ्या कुणाचं तरी आहे. तरी सध्या मी मनातल्या मनात तुमच्याशीच वाद घालत असते, म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. एका जागी बसवत नाही. भूशास्त्र विभागात तास घेताना खडूसुद्धा हातात तसाच राहतो आणि मी खिडकीबाहेर बघत असते. पोरं आपापसात खुणा करतात, ते मला कळतं.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. ओट्याखाली दगडांची खोकी, आणि काकू म्हणतायत, "अहो, तांदळाच्या डब्याला तरी जागा ठेवा." मी एम.एस्सी.ला आहे. मलंगगडाच्या पायथ्याहून एक दगड आणलाय आणि सरांना दाखवायचा म्हणून ब्रशनं घासून, धुऊन लख्ख केलाय. तुम्ही तो उलटासुलटा करता आणि तुमचा आवाज चढतो. "अगं, आंघोळ घालून आणलास होय याला? आणि याची वरची बाजू कुठली? खूण कुठाय? मातीसकट आणला असतास तर काहीतरी बोलला असता. आता हा नुसता धोंडा आहे." मला रडू फुटायच्या बेतात होतं. काकूंनी तो दगड लसूण ठेचायला घेतला, आणि याहून चांगली नोकरी त्याला मिळालीच नसती, असं तुम्ही वर म्हणालात. निघताना मात्र तुमचं स्वतःचं भिंग माझ्या हातात ठेवलंत, बुटाच्या नाडीत ओवलेलं. नाडी मी किती वेळा बदलली, भिंग तेच आहे.

तुमच्या वेळी लोकांपर्यंत जाणं म्हणजे शाळेत ज्वालामुखीचं चित्र दाखवून परत येणं. आता विद्यापीठ दरवर्षी विचारतं, संशोधन ठीक आहे, पण लोकांसाठी काय केलंत? मी वर्तकनगरच्या मागची डोंगराच्या पायथ्याची एक वस्ती घेतली. घरांच्या पाठीमागे कातळ आहे आणि कातळात भेग. त्या भेगेवर आम्ही काचेची एक आडवी पट्टी सिमेंटनं बसवली. साधी, जुनी पद्धत, तुम्हीच शिकवलेली. कातळ केसभर सरकला तरी काच तडकते. मग वस्तीतल्या बायकांना जमवून मी छान भाषण ठोकलं. "ही काच तुमची आहे. तिला डोळ्यांत तेल घालून जपा," असं मी म्हणाले, सर. नेमकं हेच म्हणाले. तडकली तर हात लावू नका, मला कळवा, एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मला वाटलं, ते काय सांगायचं.

पावसाळा संपेपर्यंत माझे विद्यार्थी अधूनमधून जाऊन फोटो काढत राहिले. प्रत्येक फोटोत काच अखंड. अहवाल लिहिला, उतार स्थिर आहे. विभागाच्या व्हरांड्यात मोठं पोस्टर लागलं, काचेपाशी हसणाऱ्या बायका आणि मधे मी. लोकसहभागाचं पारितोषिकही जाहीर झालं. त्या समारंभात बोलायचं आमंत्रण द्यायला मी वस्तीतल्या एका बाईंकडे गेले, सगळ्यांत जास्त उत्साह त्यांचाच. त्यांनी चहा ठेवला आणि सहज विचारलं, "मॅडम, काच बदललेली, ते पण सांगू का स्टेजवर?"

"कुठली काच?"

"अहो, गणपतीत तडकलेली ना. पोरं बॉल खेळतात तिकडे, नुसता वैताग. तुम्ही म्हणालेलात जपा, मग तुम्हाला काय तोंड दाखवणार? आमच्या मिस्टरांचं स्लायडिंगच्या खिडक्यांचं काम आहे. त्यांनी डिट्टो तशीच कापून बसवली. कळलं पण नाही ना तुम्हाला?"

नाही कळलं. चहावर साय धरली. त्या बाईंनी काय केलं होतं, पाहुणा येणार म्हणून घर आवरलं होतं. रागावणार कुणावर? मला तुमचा तो चढलेला आवाज ऐकू येत होता, आणि या वेळी धुतलेला दगड कुणी आणला होता ते मला नीट ठाऊक होतं.

विभागप्रमुख म्हणाले, "अगं, बॉलच लागला असेल. कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग शांतपणे परत मोजू." मी अहवाल मागे घेतला, पारितोषिकाला नाही म्हटलं आणि पालिकेला लिहून दिलं, की पाऊस लागण्याआधी ही माणसं हलवा. व्हरांड्यात आता माझ्याशी कुणी फारसं बोलत नाही. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. वस्तीत सांगायला मीच गेले. बाईंनी विचारलं, "पडणार का नक्की?" म्हटलं, "नक्की नाही सांगता येत." त्या म्हणाल्या, "मग तेव्हा रिपोर्टमध्ये कसं नक्की लिहिलेलं?" सर, याला काय उत्तर असतं तुमच्याकडे?

माणसं आता पालिकेच्या शाळेत आहेत, बाकांवर भांडी आणि बाकांखाली अंथरुणं. मी नवी काच बसवली आहे. पाऊस झोडपून काढतो आहे. काल त्या बाई शाळेच्या दारातच भेटल्या. या खेपेला चहा नाही, बसा नाही. "मॅडम, शाळा सुरू व्हायची आहे, आम्ही जायचं कुठे? मिस्टरांचं सामान भिजतंय तिकडे. झालंय का काही तुमच्या काचेला? नाही ना?" मी म्हटलं, उद्या सकाळी बघून सांगते.

आज उजाडताच गेले. पायवाट घसरडी, वस्तीत चिटपाखरू नाही, बाईंच्या दाराला कुलूप, दारातली तुळस मात्र टवटवीत. ओढणीच्या टोकानं काच पुसली आणि तुमचं भिंग लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. कुठे चरा नाही. खाली शाळेत सगळे याच बातमीची वाट बघत होते, आणि मी तिथेच उभी राहून पुन्हा बघितलं, मग आणखी एकदा, कुठेतरी एखादी बारीक रेघ सापडेल म्हणून.

हे पत्र आता फाडून टाकेन. दुसरं कुणी असतं तर लिहिलंही नसतं. काच अखंड होती, सर, आणि मला वाईट वाटलं.