अंबाडीचं कुंपण

यवतमाळ, पोळ्यानंतरचा शनिवार, संध्याकाळ

शेंडे कोणी खुडले? घरी आल्यापासून डोक्यात हेच.

वकीलकाकूंच्या नव्या बंगल्याची बाग मीच आखली. नुसती शोभेची नको, खायची झाडं लावू म्हटलं. रस्त्याच्या बाजूला भिंतीऐवजी लाल देठांच्या अंबाडीचं कुंपण. काकूंना फार आवडलं.

आज सहज गेले, तर त्यांच्या शेतावरचे सुधाकरदादा फवारणीचा पंप धूत होते. पराटीचं, म्हणजे कपाशीवरचं, उरलेलं औषध अंबाडीवर मारून मोकळे! "मावा पडलता ताई. उद्या काकूच्या पोरीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. काकू म्हणल्या, पान स्वच्छ दिसलं पाह्यजे."

अहो, पण ती भाजी आहे! आणि रस्त्याकडचे शेंडे खुडलेले. घरात कोणी तोडले नाहीत. मग फवारणीच्या आधी खुडले की नंतर? दादांना सांगता येईना. आपल्याकडे कुंपणावर अंबाडी दिसली की कोणीही जाता-जाता भाजीपुरती खुडतं, त्याला कोणी चोरी म्हणत नाही.

'औषध मारलं आहे, तोडू नका' अशी पाटी बांधून आले. आजूबाजूच्या घरी विचारलं. सगळे नाही म्हणाले. पण रस्त्यानं जाणारे?

आत्ता काकूंचा फोन. "अवं, ते पाटी काढली मी. पाहुण्यायले कसं दिसन ते? परवा लाव मंग."

पाटी नको ना? मग कुंपणच उपटून टाकते. निघालेच.

पण ते शेंडे आत्ता कोणाच्या चुलीवर शिजत असतील?