आईची चिंधी आणि यांचं पेटंट

इंदूर, ९ फेब्रुवारी १९९८

ती. प्रेमलताताईस,

धाकट्या प्रमोदिनीचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? ग्वाल्हेरच्या थंडीत पहाटे अंगणात सडा घालू नकोस म्हटलं, तरी घालत असशीलच. इकडे मी बरी आहे, आणि गेले आठ दिवस हे माझ्याशी फार सभ्यपणे वागताहेत. "आपण चहा घेणार का?" म्हणतात. ताई, तीस वर्षांच्या संसारात "आपण"! काय ते समज.

मिल बंद झाल्यावर यांनी सांवेर रोडवर शेड घेऊन प्लास्टिकच्या बाटल्या काढायला घेतल्या, हे तुला माहीतच आहे. (मिलचे हेड फिटर तेलाच्या बाटल्यांवर आले, पण कधी कुरकुर नाही, फक्त सकाळी सातला डबा मागायचं अजून सुटलेलं नाही.) यांनी बाटलीच्या गळ्याभोवती बारीक पन्हाळ काढली आणि तिला आत जाणारं भोक ठेवलं, म्हणजे ओघळलेलं तेल परत बाटलीत. त्याचं पेटंट मागितलं, तर मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने हरकत घेतली: यात शोध कसला, हे तर कोणालाही सुचलं असतं! फार लागलं गं यांना. मिल गेल्यावर स्वतःचं म्हणावं असं एवढंच तर होतं.

आमचे तुकोगंजचे वकील, श्रीकृष्णजी, म्हणाले, "भाभीजी, तुमचा पण एक ॲफिडेव्हिट लावून देऊ. लिहा, तेलाची बाटली हमेशा ओघळायची, इलाज काही नव्हता. बस, इंग्लिशमध्ये चार ओळी."

कॉन्व्हेंट सुटल्यापासून मला इंग्रजीत काही लिहायला कोणी सांगितलंच नव्हतं. चार ओळींची पाच पानं झाली. छत्रीबागेतलं आपलं स्वयंपाकघर, खिडकीतलं ऊन, तू शेंगा सोलतेयस, आई गुणगुणत फोडणी घालतेय... लिहिता लिहिता आईच्या पदराचा वास आला गं. आणि त्या भरात लिहून गेले, की आई तेलाच्या बाटलीच्या गळ्याला चिंधी गुंडाळायची, त्यामुळे आमच्याकडे ओघळ कधी खाली आलाच नाही! श्रीकृष्णजींनी न वाचताच ("क्या इंग्लिश है, भाभीजी!") शिक्के मारून पाठवून दिलं. आता कंपनीच्या उत्तरात पहिलंच वाक्य माझं आहे: अर्जदाराची स्वतःची पत्नी शपथेवर सांगते... (व्याकरणाची एकही चूक त्यांना काढता आलेली नाही.)

भाऊजींना नमस्कार. तुझी फार आठवण येते.

तुझी,
प्रमोदिनी

ता. क. ती चिंधी धुवायचं काम तुझ्याकडे असायचं. ताई, ती भिजून ठिबकायची ना? खाली बशी ठेवावी लागायची ना? मला नुसतं ऊनच आठवतं. खरं असेल तरच स्टॅम्पपेपरवर लिहून पाठव.

आणखी एक. काल हे एकदम म्हणाले, "तुला पाहायला आलो होतो तेव्हाच दिसली होती मला ती चिंधी. टपटप गळत होती. पोहे खाताना सगळा वेळ तिच्याकडेच बघत होतो." स्वयंपाकघराचं दार माझ्या पाठीमागेच होतं, ताई. मला वाटलं होतं, इतकं एकटक आपल्याकडे कधी कोणी पाहिलं नाही. तेव्हा तुझा कागद लवकर येऊ दे. नाहीतर त्या दिवशी आपण कुठे बघत होतो, हे यांना शपथेवर लिहून द्यावं लागेल.