गिटार काहून पाहिजे?

९ सप्टेंबर, सकाळी ११

गणपती गेले. नागपूरहून दुकानाचा माल आला. त्यात इलेक्ट्रिक गिटार. एकच. निळी. सोबत छोटा अँप्लिफायर. मोहाडीत असं काही पहिल्यांदाच.

चंद्रकला म्हणते, बारा ढोलक्यांच्या स्कीममध्ये फुकट आली. वीस वर्षं माझी बायको आहे आणि हे ज्ञान. मी त्या गिटारसाठी बारा ढोलक्या घेतल्या. बाईले धंद्यातलं काही समजत नाही.

संकल्प. एक, ही रोजनिशी शुद्ध मराठीत लिहायची. (वरचं 'बाईले' धरायचं नाही.) दोन, गिटार येईल त्याला विकायची नाही. खऱ्या कलाकारालाच. माणूस पहिली इलेक्ट्रिक गिटार कशासाठी घेतो, यावरून त्याची लायकी कळते. मला पाच मिनिटांत कळते.

मी स्वतः वाजवत नाही. पारख करणाऱ्याने वाजवायचं नसतं.

१० सप्टेंबर

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, समितीचे अध्यक्ष तुलारामजी ढोलकी ताणून घ्यायला आले. त्यांना सांगून टाकलं: १६ नोव्हेंबरच्या मंडईत माझ्या दुकानातली गिटार, मी निवडलेला कलाकार, थेट स्टेजवर. मागे बोर्ड, भोजराज म्युझिकल्स. ते म्हणाले, कलाकार कोण? म्हटलं, ते माझ्यावर सोडा. म्हणे सोडलं, पण पत्रकात छापून राहिलो, मंग साऱ्या गावासमोर नाक कापू नका.

माझं नाक आजपर्यंत कोणी कापलं नाही.

१४ सप्टेंबर

पहिलं गिऱ्हाईक. कुलदीप, वरातीत वाजवणारा धुमाल पार्टीवाला. विचारलं, गिटार काहून पाहिजे? म्हणे, कीबोर्ड गाडीवर ठेवून वाजवा लागते, लोकांले मी दिसतच नाही. गिटार गळ्यात टाकून वरातीपुढं चालता येते.

शी! म्हणजे याला सूर नको, नवरदेवाच्या साळ्यांनी बघायला पाहिजे. तेही तोंड वर करून सांगतो. हाकलला. जाताना ढोलकीसुद्धा नाही घेतली, दळभद्री.

१८ सप्टेंबर, दुपारी ३

जेवून दुकानात आलो तर चंद्रकला गिटार मांडीवर घेऊन बसलेली. म्हणे, मले द्या ना, आमच्या महिला भजन मंडळात नेते. नियम म्हणजे नियम, घरच्यांनाही. विचारलं, काहून पाहिजे? म्हणे, आवडली. म्हटलं, आवडली हे काही कारण नाही, नीट विचार करून सांग. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, खूप आवडली.

हसू आलं. बेचाळीस वर्षांची बाई! मंडळात वीस वर्षांपासून पेटी वाजवते म्हणून काय झालं? पेटी बसल्या बसल्या कोणीही वाजवतो. गिटार खुंटीवर टांगली, तिचा हात पुरणार नाही इतकी उंच. ती उठून आत गेली. पटलं असेल.

२२ सप्टेंबर

टीना, कॉलेजची पोरगी. कारण: नखं वाढवली आहेत, त्यांचा काही उपयोग व्हावा. हे मी बनवून लिहीत नाही. तिने हेच सांगितलं, आणि ती नखं माझ्या काउंटरवर टकटक वाजवत सांगितलं. म्हटलं, बाई, नखं काप आणि अभ्यास कर. रडेल असं वाटलं होतं. फिदीफिदी हसत गेली.

२६ सप्टेंबर

गर्दी आवरायला पद्धत पाहिजे. (आतापर्यंत तीन जण, चंद्रकला धरून.) तहसीलसमोरच्या अर्जनवीसाकडून फॉर्म टाइप करून आणला. चौदा प्रश्न. 'आपण पहिली इलेक्ट्रिक गिटार कोणत्या कारणास्तव घेत आहात, शंभर शब्दांत लिहा.' दोन पासपोर्ट फोटो. खाली स्वयंघोषणापत्र, की वरील कारण खरे आहे. अर्जनवीसाने विचारलं, उत्पन्नाचा दाखला जोडाचा काय? म्हटलं, पुढच्या वर्षी पाहू.

५ ऑक्टोबर

परसराम आला. राइस मिलवर मशीन चालवतो. याचं कारण ऐका: भावाची साधी गिटार मिलमध्ये वाजवली तर स्वतःलेच ऐकू नाही आली, म्हणून करंटवाली पाहिजे, मशीनच्या वर आवाज जाणारी. गिटार उतरवून मागितली, वाजवून दाखवली. वाजवली बरी. रस्त्यावरचे दोन-चार लोक थांबले. पण मी वाजवणं पाहत नाही, कारण पाहतो, आणि याचं कारण सगळं कोंड्याचं. अंगावरून कोंडाच सांडत होता.

तरी मोठ्या मनाने फॉर्म दिला. सहाव्या प्रश्नावर पेन खाली ठेवला आणि म्हणे, दादा, मी गिटार घेऊन राहिलो का राशन कार्ड काढून राहिलो?

उद्धट. नापास.

१९ ऑक्टोबर, रविवार

चंद्रकला आज पण भंडाऱ्याला बहिणीकडे. चौथा रविवार. तिथल्या डॉक्टरला गुडघा दाखवत असेल. जाऊ दे, दुकानात टोकणारं कोणी नाही.

बातमी लागली. कुलदीप, टीना, परसराम, तिघांनीही भंडाऱ्याच्या एकाच दुकानातून गिटार घेतली. तो दुकानदार म्हणे येईल त्याला देतो. ना प्रश्न, ना फॉर्म. असल्याच लोकांनी कलेचं वाटोळं केलं.

मंडईला अजून चार आठवडे. भरपूर आहेत.

३ नोव्हेंबर

पत्रक छापून आलं. 'प्रथमच! इलेक्ट्रिक गिटार! सौजन्य: भोजराज म्युझिकल्स.' माझं नाव तुलारामजींच्या नावापेक्षा मोठं. छाती धडधडून राहिली. आनंदाने.

फॉर्म सहा प्रश्नांवर आणला. फोटो एकच. दारावर पाटी लावली, 'अर्ज येथे मिळतील'. दिवसभरात एक माणूस आला, त्याला झेरॉक्स पाहिजे होती.

८ नोव्हेंबर

निर्णय झाला. मीच वाजवणार. लायक माणूस दुकानातच बसून होता आणि मी त्याला बाहेर शोधत होतो.

वायर जोडली, तार छेडली. बिमार म्हशीसारखा आवाज आला. गिटारमध्येच दोष. तेवढ्यात आतून स्वयंपाकघरातून चंद्रकला ओरडली की चौथी तार उतरली आहे, चढवा थोडी. म्हटलं, तू कुकरच्या शिट्या मोज. मग सहज खुंटी पिळून पाहिली. सुरात आली. योगायोग.

अर्ध्या तासात बोटांची सालपटं निघाली. हे काही पारखी माणसाचं काम नाही. ९ सप्टेंबरला होतं तेच मत कायम.

११ नोव्हेंबर

मिलवर गेलो. माघार म्हणून नाही, संधी द्यायला. परसरामले म्हटलं, तुले फॉर्म माफ, मंडईत माझी गिटार वाजव. तो म्हणे, दादा, नवं धान येऊन राहिलं, मिल सोडता नाही येत. कुलदीपच्या घरी गेलो. तुळशीचं लग्न झालं, आता त्याच्या वराती सुरू. टीनाले रस्त्यात गाठलं. ती म्हणे, काका, मी नापास आहो ना?

मोहाडीत कलेची कदरच नाही. एक माणूस नाही!

१५ नोव्हेंबर

तुलारामजीले निरोप पाठवला की कलाकार तापाने फणफणला. त्यांचा उलटा निरोप आला, काळजी नका करू, व्यवस्था झाली.

व्यवस्था? मले न विचारता?

जेवण गेलं नाही. चंद्रकलाले म्हटलं, उद्या मी मंडईत येत नाही. ती म्हणे, या ना, बरं वाटंल. साडीले इस्त्री करत होती.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६

गेलो. मागं, फुगेवाल्याच्या आड उभा राहिलो. दंडारीचं लोकनाट्य झालं. मंग महिला भजन मंडळ. पडदा उघडला. टाळ घेतलेल्या बायका, आणि मधात चंद्रकला. उभी. गळ्यात लाल इलेक्ट्रिक गिटार.

मले वाटलं कोणाची तरी धरून उभी आहे.

मंग तिनं वाजवली. अभंगाची चाल आधी एकटीनं, हळूहळू, मंग टाळासोबत, मंग अशी जोरात की पाळण्यावरची पोरं पण इकडं पाहाले लागली. सहा तारांतल्या तीनच वापरल्या. मी मोजल्या. बाकीच्या कायले ठेवल्या होत्या मंग? कुलदीप वरातीतून सुटी काढून आलेला, परसराम कोंड्यासकट, टीना, तिघंही पुढं उभे राहून काकू, काकू करत होते. लोकांनी पुन्हा वाजवाले लावली.

तुलारामजीनं माइकवर सांगितलं, सौजन्य भोजराज म्युझिकल्स. टाळ्या पडल्या. मी फुगेवाल्याच्या मागून पुढं आलो न हात जोडले.

१७ नोव्हेंबर

चहाच्या वेळी विचारलंच. घरी दुकान असून भंडाऱ्याहून काहून आणली? म्हणे, तुम्ही दिली नाही. म्हटलं, तिथं काय कारण सांगितलं? म्हणे, तिथं कोणी काहून म्हणून विचारलंच नाही. त्या माणसानं गिटार काढून हातात दिली न म्हणाला, वाजवून पाहा ताई.

कप घेऊन ती आत गेली. रागानं बोलली असती तर मी पण बोललो असतो. रागानं नाही बोलली.

मले वाईट वाटलं. शुद्ध भाषेत लिहिलं तरी तेवढंच वाटते.

२१ नोव्हेंबर

मंडळाले अड्याळचा कार्यक्रम आला. सकाळी सरावात चंद्रकलाची एक तार तुटली. दुकानात आली, मंडळातल्या दोघी सोबत. काउंटरच्या बाहेर उभी राहिली, गिऱ्हाइकासारखी. तार मागितली. सुटी तार माझ्याजवळ नव्हती. ती निघाली.

थांब म्हटलं. स्टुलावर चढलो, निळी खाली उतरवली न तिच्यावरचीच एक तार काढून दिली. त्या दोघी म्हणे, भाऊजी किती चांगले आहेत. चंद्रकलानं तार पदरात गुंडाळली न गेली.

२९ नोव्हेंबर

नाकाडोंगरीच्या कार्यक्रमात अजून एक तुटली. आज ती पण काढून दिली. पुढच्या आठवड्यात दोन कार्यक्रम आहेत.

निळीवर उरल्या चार. परत खुंटीवर टांगली. पाहाले काही वाईट नाही दिसत. खरा कलाकार आला तर तेवढ्यावर पण वाजवून दाखवंल.