मार्थाच्या मरणाची कबुली

मी बंकट म्हाळू साळवे, वय सहासष्ट, धर्म ख्रिस्ती, राहणार नवी वस्ती, ता. केज, जि. बीड. छातीचा आजार असला तरी डोके ठिकाणावर आहे आणि माझ्याकडून हे कुणी जबरदस्तीने लिहवून घेत नाही. माझ्यामागे काय कुणाचे, ते आजच सांगून ठेवतो.

१. राहते घर व दोन शेळ्या पत्नी छबुबाई हिच्या. तिच्या हयातीत मुलगा दानिएल याने घराची वाटणी मागू नये. सून तिला नीट सांभाळते, हेही नमूद करतो. तोंडावर कधी म्हटले नाही.

२. ओढ्याकाठची पाऊण एकर दानिएलची. मात्र त्यातील विहिरीवर कुणालाही पाणी भरू द्यावे. कुलूप घातल्यास जमीन प्रार्थनाघराकडे जाईल. याचे कारण त्याला ठाऊक नाही. ते असे.

३. बहात्तरच्या दुष्काळात मी सहकारी पाणी संस्थेच्या विहिरीवर राखणदार होतो. झाकणाची किल्ली माझ्या कमरेला. चेअरमनच्या चिठ्ठीशिवाय घागर भरू द्यायची नाही, असा हुकूम. एका दुपारी आमच्याच प्रार्थनाघराच्या मंडळीतली विधवा भिवराबाई आली. तिची चार वर्षांची मार्था हगवणीने सुकली होती.

"बंकटभाऊ, अर्धी घागर द्या. लेकरू डोळं फिरवायलंय."

"चिठ्ठी आण, मग भरतो."

"चेअरमन केजात हायत. तवर राहील का लेकरू?"

मी तोंड फिरवले. नोकरी जाईल, एवढीच भीती होती. मुलीला शेजारणीपाशी ठेवून ती केजला चालत गेली, चिठ्ठी घेऊन आली. मी घागर भरून दिली. ती घरी पोचली तेव्हा मार्था गेली होती.

पुरताना मी सर्वांपुढे म्हणालो, देवाची मर्जी. क्रूसावर प्रभूला तहान लागली, हे दर उत्तम शुक्रवारी, प्रभूच्या मरणदिनी, प्रार्थनाघरात मीच वाचत आलो. आवाज कधी कापला नाही. दोष चेअरमनवर ढकलत आलो. किल्ली त्यांच्याकडे नव्हती.

४. मागच्या महिन्यात भिवराबाईला बोलावून हे सगळे कबूल केले. ती म्हणाली,

"ठावं हाय मला. किल्ली तुमच्याच कमरंला होती की."

"मग एवढी वर्षं माझ्यासंगं प्रार्थनेला कशा बसलात?"

"लई वर्सं बसवलं न्हाई. मंग वाटलं, मार्था प्रभूपाशी हाय, तिथं तिला तहान न्हाई. तवा जगता आलं. तुमचा राग अजून येतो. आला की प्रभूलाच सांगते."

क्षमा मिळाली असे म्हणायचा मला हक्क नाही. पण जो तिच्या दुःखात तिच्याजवळ राहिला, तो माझ्याकडेही पाठ फिरवणार नाही, एवढ्या आशेवर डोळे मिटीन.

५. माझ्या दफनाच्या वेळी पाळकांनी कलम तीन मोठ्याने वाचावे. मार्थाच्या मरणाला देवाची मर्जी कुणी म्हणू नये. माझ्या कबरेवरच्या क्रूसावर फक्त नाव घालावे, विश्वासू सेवक वगैरे नको.

६. भिवराबाईच्या नावे एक शेळी लिहिणार होतो. तिने नकार दिला. "मला तुमचं काई नगं. लिवलंय ते खरं हाय, एवढी साक्ष घाला माझी." साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नसते, हे वकिलांनी तिला समजावले.

ती म्हणाली, "म्हणूनच."

केज, दि. १८ मार्च २००३

बंकट म्हाळू साळवे (सही)

साक्षीदार:
१. पंडित दावीद घोडके, शिक्षक (सही)
२. भिवराबाई शांतवन कांबळे, मार्थाची आई (डाव्या अंगठ्याचा ठसा)