चौथा मजला, लिफ्ट नाही

३ मार्च
अठ्ठ्याहत्तर लाख! वेबसाइट म्हणते, आमच्या घराची अंदाजे किंमत अठ्ठ्याहत्तर. परवाच जाहिरात टाकली ती ऐंशीची. म्हणजे माझा आकडा काही हवेतला नव्हता. दलाल उगाच नाक मुरडत होता — "बाजार बसलाय, बाई." बसला असेल त्याचा!

हे विकायचं आणि तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या, एवढंच. ह्यांच्या हृदयाला चार जिने झेपत नाहीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

९ मार्च
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ह्यांना टेकायला स्टूल ठेवलं. तिथल्या बाईंनी लगेच तोंड वाकडं केलं. करू देत.

२१ मार्च
एक नर्स आणि तिचा नवरा घर बघून गेले. तरुण, धाप नाही की काही नाही. स्वयंपाकघर तर तिला फारच आवडलं. अडुसष्ट म्हणाले. मी मोबाइल काढून तिच्या नाकासमोर धरला — हे बघा, काय लिहिलंय! विचार करा, काकू, म्हणत ती उठली.

ते गेल्यावर हे म्हणाले, "देऊन टाक गं. तेवढ्यात खालच्या खोल्या येतात ना?" येत होत्या. तरी मीच भडकले. दहा लाखांवर पाणी सोडू? हे हसले. "तुझी ती वेबसाइट कधी जिना चढून आली होती का?"

२ एप्रिल
चिटपाखरू फिरकलं नाही.

१४ एप्रिल
हे आता खाली उतरतच नाहीत. न्हाव्यालाच वर बोलावलं. केस कापून झाल्यावर कितीतरी वेळ खिडकीत उभे होते. "रस्त्यावर झाडं लावलीत वाटतं," म्हणाले. झाडं लावून महिना झाला.

२६ एप्रिल
हरले. जाहिरातीत बहात्तर केले.

२९ एप्रिल
वेबसाइट सत्तरवर! घर तेच, भिंती त्याच, मग आठ लाख गेले कुठे? भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, अगं तुमच्या भागात वर्षभरात घरं विकलीच गेली नाहीत. मग ती बापडी तुझ्याच जाहिरातीतला आकडा घेऊन अंदाज बांधते."

म्हणजे मी बोलायचं आणि तिने मान डोलवायची! आणि त्याच्या जिवावर मी त्या पोरीला घालवलं. मूर्ख! शतमूर्ख मी!

लगेच नर्सला फोन केला. त्यांनी दुसरीकडे घर घेतलंय. "आम्ही पंधरा दिवस थांबलो होतो हो, काकू." फोन ठेवला आणि रडले.

३० एप्रिल
ह्यांना सगळं सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "जाऊ दे गं, विकलं जाईल," एवढंच म्हणाले. माझ्याच पाठीवरून हात फिरवत बसले.

६ मे
दलालाला सांगितलं, येईल त्या भावात काढा. तो म्हणाला, आता भाव सोडा, बाई, बघायलाच कुणी येत नाही.

११ मे
सकाळी ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी खुर्चीला बांधून खाली नेलं. दुसऱ्या मजल्यावर ह्यांनी स्टुलाकडे बोट दाखवलं, जरा थांबा म्हणून. ते थांबले नाहीत. बरोबरच केलं त्यांनी. पण तो हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

२४ मे
जाहिरात काढून टाकली. स्टूल वर आणलं. मला एकटीला चार जिने सहज चढता येतात.