तिच्या तिकिटाचा दुसरा पंच

४ फेब्रुवारी

आज डब्यात एकवीस जण. एक रडणारा, बाकीचे गप्प. गप्प बसलेलेच जड जातात.

तारीख मीच ठरवतो. खिडकीबाहेर कायम तोच राखाडी उजेड, उगवणं नाही की मावळणं नाही. पण तेहतीस वर्षं शाळेत घंटा दिली, दिवस मोजायची खोड मेल्यावरही जात नाही. नऊ वर्षं झाली या गाडीवर. टोपी, काळा कोट, खिशात पंच मारायचा चिमटा.

रडणारा शिंपी निघाला. ‘इस्त्री चालू राहिली हो! दुकान पेटेल!’ — एवढंच. पहिला पंच मारला. त्याने डोळे पुसले आणि विचारलं, ‘कसली इस्त्री?’

पहिल्या पंचाला घर जातं. दुसऱ्याला माणसं. तिसऱ्याला स्वतःचं नाव. तिन्ही झाले की शेवटच्या स्टेशनात फलाटाला पाय टेकतो. एक जरी कमी असला तर टेकत नाही. पुढे काय आहे ते आम्हाला ठाऊक नाही. आम्ही उतरत नाही.

शाळेतल्या कविता मात्र कुठल्याच पंचाला जात नाहीत. हे माझं संशोधन! दुसऱ्या पंचानंतर बायकोही विसरलेला शिंपी दुसरीतली कविता हातवारे करून म्हणाला, अख्खी. मी खिडकीशी उभा राहून ऐकली. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात ऐकायचो, तसाच.

६ फेब्रुवारी

सगळे उतरले. शिंपी जाताना म्हणाला, ‘बरं वाटलं हो गप्पा मारून.’

७ फेब्रुवारी

पहिल्या थांब्यावर यादी आली. चौदा नंबरचं नाव वाचून पुढे गेलो. पंधरा, सोळा वाचले — आणि मग लक्षात आलं की चौदा नंबर माझी बायको आहे. बेचाळीस वर्षांच्या संसारात ‘अगं’ आणि ‘ऐकलंस का’ यावर भागवलं. नाव कानाला परकंच वाटलं.

ती चढली. म्हातारी झालीय. माझ्याहून म्हातारी! मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, ‘कोटाचं बटण तुटलंय. इथे कुणी बघणारं नाही वाटतं?’

मी तुटक्या बटणाच्या जागेवर हात ठेवला.

नियम असा: आपलं माणूस आपल्या डब्यात आलं तर गार्डला सांगायचं आणि डबा बदलून घ्यायचा. नाही सांगितलं.

८ फेब्रुवारी

पहिला पंच तिने हसत मारून घेतला. ‘न्या ते घर. झाडून झाडून कंबर गेली माझी.’

मग सगळं सांगितलं. पोरगी हॉस्पिटलात आहे, दीड महिना. दोन्ही किडन्या. आमची एकुलती एक, एकोणपन्नास वर्षांची, लग्न केलं नाही, आईला सांभाळत राहिली. ही रोज दुपारी तिच्यासाठी डबा घेऊन जायची. परवा वॉर्डाबाहेरच्या बाकावर जरा टेकली, तेवढ्यात छातीत कळ आली. ‘डबा मांडीवरच होता हो. आत ती वाट बघत असेल. म्हणेल, आज आईला उशीर झाला.’

९ फेब्रुवारी

दुसरा पंच. तिने तिकीट मुठीत घट्ट धरलं.

‘हा नाही.’

‘सगळ्यांना मारावा लागतो गं.’

‘ती मागून येतेय. डॉक्टर म्हणाले, आठवडा, फार तर दोन. ती चढेल तेव्हा मी इथे पाहिजे. तिला ओळखणारी पाहिजे.’

‘मी आहे ना.’

‘तुम्ही?’ अशी हसली की आजूबाजूचे बघायला लागले. ‘शाळेच्या गॅदरिंगहून दुसऱ्याचीच पोर कडेवर घेऊन आला होतात!’

खरं आहे. स्टेजवर तिसरीचा वर्ग कविता म्हणत होता. मी ऐकत होतो. सारख्याच फ्रॉकवाल्या मुलींतली एक उचलली. परत गेलो तेव्हा आमची रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकटीच बसली होती. रडत नव्हती. ते जास्त लागलं होतं मनाला.

‘आई असून मुलीची वाट बघतेस? इथे?’ असं मी बोलून गेलो.

‘येऊ नये म्हणूनच बघते,’ ती म्हणाली. ‘पण आलीच तर एकटी नको.’

११ फेब्रुवारी

शेवटचं स्टेशन. तिने पाय खाली सोडला. टेकला नाही. विहिरीत सोडल्यासारखा हलत राहिला. मी तिला दंडाला धरून वर घेतलं. गार्डने पाहिलं.

‘कोण ही तुमची?’

सांगितलं.

‘तरीच! तीन फेऱ्या. दुसरा पंच नाही झाला तर चौथीला शेवटच्या डब्यात. आणि रडून दाखवू नका मला, मी तुमच्याआधी मेलोय.’

१३ फेब्रुवारी

दुसरी फेरी. यादी आली की ती माझ्या आधी हिसकावून घेते. वरून खालपर्यंत बोट फिरवते, मग सुस्कारा सोडते. ‘नाही आली. जगतेय गं बाई माझी.’

आणि मी? मला लिहायची लाज वाटते. मी सुखात आहे. तिने कुठून तरी सुई-दोरा मिळवून बटण लावलं. मी कविता म्हणायला लागलो की ती कानावर हात ठेवते, पूर्वीसारखी. प्रवासी तिला विचारतात, ‘मावशी, आपण कुठे चाललोय?’ ती म्हणते, ‘ह्यांना विचारू नका, ह्यांना कधीच ठाऊक नसतं.’

१५ फेब्रुवारी

ती विरळ होतेय.

आज पाठमोरी बोलली तर मला ऐकूच आलं नाही. मग तिने खिडकीवर तळहात ठेवला, तर हातातून गज दिसले. सरळ, उभे, काळे. तिने पाहिलं नाही. मी पाहिलं.

गार्ड मला शेवटच्या डब्याकडे घेऊन गेला. काचा रंगवलेल्या. ‘कान लावा.’ लावला. आत माणसं दिसण्याइतकी उरलेली नाहीत. फक्त बोलणं उरलंय. प्रत्येकाचं एकच वाक्य, पुन्हा पुन्हा. ‘दार लावून घे रे.’ ‘येतोच मी पाच मिनिटांत.’ कुणी कुणाचं ऐकत नाही.

‘किती वर्षं?’ मी विचारलं.

‘माझ्या आधीपासून.’

तिथे तिचं वाक्य कोणतं असेल ते मला लगेच कळलं. आज उशीर झाला, आज उशीर झाला.

१६ फेब्रुवारी

मी खोटं बोललो.

म्हणालो, आठ नंबरचा गृहस्थ त्याच हॉस्पिटलातून आलाय. त्याने सांगितलं, कोपऱ्यातल्या खाटेवरची बाई बरी होऊन घरी गेली.

‘कोण म्हणालं? त्यालाच विचारते.’

‘त्याचा दुसरा पंच झालाय. आता त्याला काही आठवणार नाही.’

मग मला सुचतच गेलं. नर्सचा हात धरून चालत गेली. केस विंचरलेले होते. दाराशी थांबून मागे बघितलं, वॉर्डातल्या सगळ्यांना हात केला. बाहेर ऊन होतं म्हणून डोळ्यांवर पदर घेतला. आयुष्यात एक ओळ रचता आली नाही मला, आणि हे एका दमात!

तिने तिकिटावरची मूठ सैल केली नाही.

‘शपथ?’

‘शपथ.’

‘एवढं बारीक सांगताय म्हणजे खरंच असेल. एरवी तुम्हाला काय दिसतंय!’ मूठ उघडली. तिकीट घामाने मऊ पडलेलं. इथे घाम येत नाही कुणाला. ‘मारा मग. घरी गेली ना? बास. मारा.’

अजून एक फेरी हातात होती. गार्डने तीन दिल्या होत्या. पण उद्या तिच्या हातातून गजांबरोबर बाहेरचा उजेडही दिसला असता तर? मला धीर धरवला नाही.

मारला.

ती इकडेतिकडे बघू लागली. मग मला म्हणाली, ‘भाऊ, जरा पाणी मिळेल का?’

आणून दिलं.

१७ फेब्रुवारी

तिसऱ्या पंचाआधी तिच्या सीटपाशी उभा राहिलो आणि तिला नावाने हाक मारली. पहिल्यांदाच. तिने हजेरी दिल्यासारखी मान वर केली. ‘हो?’

पुढे काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. चिमटा दाबला.

गाडी फलाटाला लागेपर्यंत ती खिडकीशी बसून पुटपुटत होती. जवळ जाऊन ऐकलं. कविता! जन्मभर कानावर हात ठेवणारी ती! तिच्या शाळेतली असणार, मला ठाऊक नसलेली —

नदी निघाली, नदी निघाली,
कुणी न तिजला पुसले काही;
वाट तिची ती तिलाच ठावी,
मागे वळुनी बघणे नाही.

शेवटच्या ओळीला लहान मुलीसारखी मान हलवत होती.

पाय टेकला. अगदी अलगद. चालत गेली. मी दारात उभा होतो, गार्डने शिट्टी दोनदा वाजवली तेव्हा भान आलं.

१८ फेब्रुवारी

गार्ड म्हणाला, ‘चांगलं केलंत. सुटली बिचारी.’

मी हो म्हणालो. दिवसभर स्वतःलाही तेच सांगतोय. आणि कोण जाणे, खरंही असेल मी सांगितलेलं. पोर बरी होतही असेल. केस विंचरलेले, डोळ्यांवर पदर. इतक्या वेळा डोळ्यांसमोर आणलंय की आता मला आठवतंयच ते.

१९ फेब्रुवारी

पहिला थांबा. यादी. बारा नंबर.

मी ओळखायच्या आधी तिनेच ओळखलं. पायरीवरूनच ओरडली, ‘बाबा! आई तुमच्याच डब्यात आहे ना?’